पेंढ्याचं वासरू

भोईटे सरांचा आवाज गेला त्याला दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत ते जेवढं बोलले तेवढं उभ्या आयुष्यात बोलले नव्हते.

म्हणजे सर स्वतः गप्पच होते. घशाच्या कॅन्सरात डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं आणि जीव वाचवला. तेव्हापासून गळ्याशी पांढरा रुमाल बांधून ते घराच्या ओट्यावर वेताच्या खुर्चीत बसून असत. बोलत होता तो त्यांचा आवाज. आटपाडीपासून ऑस्ट्रेलियापर्यंत जिथे म्हणून माणगंगा पशुविज्ञान विद्यापीठाचा माजी विद्यार्थी असेल तिथे फोन वाजायचा. 'हा आवाज यंत्राने तयार केलेला आहे' हे कायद्याने सक्तीचं केलेलं वाक्य एका दमात उरकलं जायचं आणि मग तो ओळखीचा खर्जातला सूर यायचा, "काय रे, जनावर कसं आहे? आणि तू?"

जनावराची चौकशी आधी, माणसाची मागून, ही सरांची जुनी पद्धत. एवढं ऐकलं की पन्नाशीला आलेल्या, हातात इंजेक्शन घेऊन रेड्यालाही न भिणाऱ्या डॉक्टरांचे डोळे भरून यायचे. आणि डोळे भरले की हात आपोआप खिशाकडे जायचा.

या सगळ्याची व्यवस्था पाहणारी शुभदा ही सरांची सून. विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी कक्षात तिची पंधरा वर्षं गेली होती. ती आली तेव्हा दरवर्षी कुलगुरूंच्या फोटोसह एक गुळगुळीत पत्र जायचं, 'आपल्या मातृसंस्थेस सढळ हस्ते साहाय्य करावे', आणि ते सढळ हस्ते रद्दीत जायचं. शुभदाने ते बंद केलं. ती एकेकाला स्वतः फोन करायची. कुणाच्या गाईला कासदाह झाला, कुणाच्या मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला, सगळं तिला ठाऊक. सासऱ्यांचे विद्यार्थी तिला वहिनी म्हणत. देणगी फार जमत नसे, पण माणसं तुटत नव्हती.

देणगी लागायची ती मुख्यतः गोठ्यासाठी. हा गोठा सरांनी उभा केलेला. पहिल्या वर्षाला आलेल्या प्रत्येक पोराच्या हातात वसुबारसेच्या दिवशी एक वासरू द्यायचं. त्याचं नाव पोरानेच ठेवायचं, त्याला खाऊ घालायचं, धुवायचं, आजारपणात त्याच्या शेजारी झोपायचं. पदवी मिळेपर्यंत ते वासरू त्याचं. शहरातून आलेली पोरं पहिल्या आठवड्यात शेणाला नाक मुरडत आणि शेवटच्या वर्षी त्याच जनावराच्या गळ्यात पडून रडत. पण गोठा पोसायचा म्हणजे हत्ती पोसण्यातलाच प्रकार. सरकारी अनुदान आटलं तसं विद्यापीठाच्या मनात रबरी गाई भरू लागल्या. या गाईंना नाडी होती, ताप यायचा, लाथसुद्धा मारता यायची. शेण तेवढं त्या टाकत नव्हत्या, म्हणून कुलगुरूंना त्या विशेष आवडल्या होत्या.

अशा वेळी डॉक्टर मानसी सबनीस मदतीला धावून आल्या. बाई सरांच्याच विद्यार्थिनी, आता अधिष्ठाता, बुद्धीने तल्लख आणि पायाला भिंगरी. त्यांचं संशोधन गाईच्या आवाजावरचं. गाय दोन तऱ्हांनी बोलते. वासरू लांब असलं की तोंड उघडून हंबरते, ते गावभर ऐकू जातं. पण वासरू अंगाशी आलं, कासेला ढुसण्या देऊ लागलं, की ती तोंड मिटून घशातल्या घशात एक हुंकार देते. त्या वेळी तिच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरत असतं. त्यानेच दूध खाली येतं, आपण त्याला पान्हा म्हणतो. त्याच वेळी आवाजात एक बारीकसा, खोल कंप उतरतो. सबनीसबाईंनी गोठ्यात माइक टांगून तो कंप मोजला.

मग त्यांनी माणसांचे आवाज तपासले. ज्याने आपल्यासाठी काही केलं त्याची आठवण निघाली, की माणसाच्या आवाजातही तसाच कंप येतो, क्षण दोन क्षण. कानाला तो कळत नाही, यंत्राला कळतो. बाईंनी त्याला 'ओल' असं नाव दिलं आणि त्या मापावर 'अनुबंध' नावाची प्रणाली बांधली. ती सरांच्या जुन्या व्याख्यानांवरून उचललेल्या आवाजात माजी विद्यार्थ्याशी गप्पा मारायची. वसतिगृह, स्वतः केलेलं गाईचं पहिलं बाळंतपण, हातात मिळालेलं वासरू, अशा एकेका आठवणीला हात घालून पाहायची. ओल लागली रे लागली की त्याच क्षणी विचारायची, "यंदा गोठ्यासाठी किती लिहू?"

सरांची परवानगी घ्यायला बाई स्वतः घरी आल्या होत्या. सरांनी फोनवर बोटाने लिहिलं, 'आवाज माझ्या कामाचा राहिला नाही. गोठ्याच्या कामी येत असेल तर न्या.' त्या दिवशी शुभदाला सासऱ्यांचा फार अभिमान वाटला होता. पहिल्याच वर्षी निधी चौपट झाला आणि रबरी गाई लांबणीवर पडल्या. तिने देवापुढे साखर ठेवली.

मग गेल्या वर्षीची वसुबारस आली.

वसुबारसेला सरांच्या ओट्यावर यायचं हा विद्यार्थ्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. आमंत्रण नसायचं, लागायचंही नाही. पायऱ्यांवर चपलांचा ढीग, अंगणात गाडी लावायला जागा नाही, आत बाजरीच्या भाकरी आणि गवारीची भाजी. आजारपणाच्या वर्षीसुद्धा ओटा भरला होता. आवाज गेलेल्या सरांसमोर सगळे हळू आवाजात बोलत होते आणि सर खाणाखुणांनी त्यांना रागावत होते. गेल्या वर्षी शुभदाने नेहमीसारखं पीठ मळलं. सर सकाळपासून इस्तरीचा सदरा घालून बसले. दिवेलागणीपर्यंत ओट्यावर आले ते तिघे, एक कुरिअरवाला आणि दोघे पत्ता चुकलेले. सरांनी ताट बाजूला सारलं. भाकरी शेजारीपाजारी वाटाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी तिने फलटणच्या जाधवांना फोन केला. हा गृहस्थ एकही वर्ष चुकला नव्हता.

"अहो वहिनी, सरांशी परवाच अर्धा तास बोललो की," जाधव आनंदाने म्हणाले. "मन भरलं अगदी! पुढच्या महिन्यात परत येईलच त्यांचा फोन."

तिने आणखी दहाबारा जणांना विचारलं. सगळ्यांची मनं अशीच भरलेली होती. कुणी खोटं बोलत नव्हतं, कुणी कृतघ्न नव्हतं. भुकेल्याला कुणीतरी आधीच जेवू घातलं होतं, आता तो घरी कशाला येईल? शुभदाला रागवायलाही माणूस सापडेना.

त्या वर्षात सर आटत गेले. गोठ्याकडची फेरी बंद झाली. फोनवर लिहिणं बंद झालं. शुभदाचा नवरा प्रवीण पुण्याच्या दूध संघात होता, तो शनिवारी यायचा, डॉक्टरांना घेऊन यायचा. डॉक्टर म्हणायचे, रिपोर्ट उत्तम आहेत. रिपोर्ट उत्तमच होते. शुभदाला मात्र दिसत होतं की हा माणूस आता खुर्चीतून उठायला कारण शोधतोय आणि ते त्याला मिळत नाही. या वसुबारसेलाही ओटा रिकामा राहिला तर पुढची वसुबारस त्यांना दिसेल, असं तिला वाटेना.

दिवाळी महिन्यावर आली असताना सबनीसबाईंनी तिला घाईघाईने बोलावलं.

"शुभदा, हा सर्जेराव हुलवान कोण गं?"

"पाटणच्या वर एका वाडीत असतात. पत्राला उत्तर नाही, माझ्या फोनला नाही. कधी आले नाहीत, कधी रुपया दिला नाही."

"आणि ही त्याची ओल बघ!" बाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. रेघ डोंगरासारखी वर गेली होती. "आजवर कुणाची एवढी लागलेली नाही. एकदा नाही, दर फोनला! यंत्र आता त्याला रोज फोन करतंय. इतका कृतज्ञ माणूस आणि आपण त्याला ओळखत नाही. वसुबारसेच्या निधी समारंभाला हाच प्रमुख पाहुणा. तू स्वतः जा आणि घेऊन ये."

शुभदा गेली. पाटणपर्यंत विजेवरची एसटी, पुढे जीप, पुढे पायवाट. पोचली तेव्हा उन्हं कलली होती. डॉक्टर हुलवान गोठ्यात होते. काळासावळा, रुंद हाडाचा, कानशिलं पांढरी झालेला माणूस. तिने ओळख सांगितली तसे ते गडबडून उठले आणि त्यांनी हात धोतराला पुसले.

"सरांच्या सूनबाई? तुमी? आवं वैनी, सांगावा धाडायचा, मी आलो असतो की खाली."

"बसा बसा, धार काढून घ्या. मी थांबते."

"व्हय, आता फोनबी यील. धारंच्या टायमालाच येतोय रोज. यंत्रानं टाइम हेरलाय बगा."

आणि आलाच. खांबाच्या खुंटीला अडकवलेल्या फोनमधून आधी ते कायद्याचं वाक्य धावून गेलं आणि मग सासऱ्यांचा आवाज गोठाभर झाला, "काय रे सर्जेराव, जनावर कसं आहे?"

शुभदाने गव्हाणीचा कठडा धरला. घरात तिने हा आवाज कधी लावला नव्हता. सासऱ्यांना ती आबा म्हणे. आबांसमोर कसा लावणार? 'सूनबाई, चहा' एवढे दोन शब्द या आवाजात पुन्हा ऐकायला मिळावेत म्हणून तिने काय वाटेल ते दिलं असतं.

हुलवानांनी वासरू सोडलं. ते धावत जाऊन कासेला भिडलं. गाय तांबूस पिवळी, सोनकी तिचं नाव. तिने मान वळवली, वासराची पाठ हुंगली आणि तोंड मिटून एक लांब हुंकार दिला. अगदी फोनच्या खाली.

"सर्जेराव," फोन तत्काळ म्हणाला, "तुझ्यासारख्यांमुळेच गोठा उभा आहे. यंदा किती लिहू?"

"हिला इचारा," मान न वळवता हुलवान म्हणाले.

शुभदाला आधी हसू आलं. मग डोक्यात प्रकाश पडला आणि ती हसायची थांबली. ती डोंगराएवढी रेघ या गाईची होती! गाईवरून शिकलेल्या यंत्राला गाय आणि डॉक्टर वेगळे ओळखता येत नव्हते. शहरातल्या विद्यापीठात ही चूक कधी झालीच नसती. इथे निम्मे माजी विद्यार्थी फोन घेतात तेच गोठ्यात उभं राहून.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पैल्या दिवसापासनं. वैनी, सर असते तर गप्प बसले असते."

"म्हणजे?"

"तुमाला ठावं नसंल. आमी पोरं गोठ्यात लई कलकलाट करायचो. सर बोटाच्या पेरानं गव्हाणीवर ठक ठक करायचे. 'थांबा, ती बोलतेय.' सगळी चिडीचूप. गाय बोलत असली की सर कंदी मधी बोलले न्हाईत. आन ह्यो बाबा बगा, ती हुंकारली की ह्यो पैसं मागतोय." त्यांनी चरवी मांडीत धरली आणि धार सुरू केली. "आमच्याकडं पैलं एक करायचे. गाईचं वासरू मेलं, तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून तिच्या म्होरं ठेवायचे. ती चाटायची, पान्हा सोडायची, मानूस धार काढून घ्यायचा. गाईला काय कळत नसंल व्हय? कळतंय की. पन पान्हा तिच्या हातात नसतो."

शुभदाची नजर खुंटीवरच्या फोनकडे गेली.

"मला राग न्हाई," हुलवान पुढे म्हणाले. "गोठ्यासाठीच मागताय. उलट बरं वाटतं, रोज सांजचा सरांचा आवाज येतो. सरांनी आमाला सांगितलं हुतं, 'मला भेटायला पेढे आणू नका, एखादं जनावर बरं करून या.' तर हितं एक उठंस्तवर दुसरं पडतंय, जायचं राहूनच गेलं. आन आता तर सरच गेले."

"गेले?"

"व्हय की. पैला फोन आला त्या दिवशी मी वढ्यावर जाऊन सरांच्या नावानं आंगुळ केली. त्या दिवशी घरात चूल न्हाई पेटवली."

"अहो, काय बोलताय डॉक्टर! आबा आहेत! घशाचं ऑपरेशन झालं, बोलता येत नाही, पण आहेत! सकाळी मी चहा देऊन निघालेय त्यांना!"

हुलवानांचे हात थांबले.

"आवं, असं कसं?" ते हळूच म्हणाले. "पेंढ्याचं वासरू म्होरं आलं म्हंजे खरं वासरू मेलंच असनार, असं धरून चाललो मी. जित्या वासराचं कातडं कोन काढतंय?"

मग तो दांडगा माणूस चरवी बाजूला ठेवून तिथेच शेणात बसला आणि लहान पोरासारखा रडला. रडता रडता हसत होता, "हायती... सर हायती..." असं सोनकीलाच सांगत होता. तोवर वासराने उरलेलं दूध संपवून टाकलं.

परतीच्या वाटेवर शुभदाच्या मनात एकच प्रश्न होता. असे आंघोळ करून मोकळे झालेले आणखी किती असतील? दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी न जाता सरळ अधिष्ठातांच्या दालनात गेली आणि सगळं सांगितलं. गाईचा भाग ऐकून बाई खो खो हसल्या. आंघोळीचा भाग ऐकल्यावर त्यांनी उठून दालनाचं दार लावून घेतलं.

"मॅडम, हा आवाज बंद करू या," शुभदा म्हणाली. "लोक यंत्राशी बोलून तृप्त होतात आणि आबा ओट्यावर एकटे बसतात."

"आणि गोठा? शुभदा, मी भावनेला किंमत देत नाही असं समजू नकोस. हा आवाज थांबला तर निधी निम्म्यावर येईल. येत्या जूनमध्ये वासरांचा लिलाव होईल आणि वर्गात रबरी गाई उभ्या राहतील. सरांना ते सोसेल?"

प्रश्न खरा होता. शुभदाने वेगळंच विचारलं, "मॅडम, तुम्ही आबांना शेवटचं कधी भेटलात?"

"अगं, परवाच तर म्हशीच्या सिझेरियनबद्दल मी त्यांना..."

बाई मध्येच थांबल्या. त्यांचं घर सरांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. ज्यांनी स्वतःच्या हाताने ते यंत्र बांधलं, त्यासुद्धा अडचण आली की त्यालाच फोन लावत होत्या आणि सरांना भेटल्यासारख्या निश्चिंत होत होत्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वर्ष होऊन गेलं गं," त्या म्हणाल्या. "चल, आत्ताच्या आत्ता जाऊ."

सर ओट्यावरच होते. बाईंनी पायाला हात लावला तशी त्यांनी भुवई वर केली, 'सापडला का पत्ता?' असं विचारल्यासारखी. शुभदाने पाटणची हकिगत सांगितली. हुलवानांच्या आंघोळीपाशी आली आणि सरांचे खांदे हलू लागले. तिला वाटलं, रडताहेत. सर हसत होते. आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. वर्षभरात त्यांना इतकं जिवंत तिने पाहिलं नव्हतं.

"सर, पण गोठ्याचं काय करू?" बाईंनी विचारलं. "आवाज काढून घेतला तर गोठा जाईल. तुम्ही सांगाल ते."

सरांनी फोन मागून घेतला. किती महिन्यांनी त्यांनी बोट टेकवलं होतं! त्यांनी लिहिलं, 'वासरं पोरांच्या हातात कशासाठी देत होतो? यंत्राशी बोलायला? आधी मी जिवंत आहे ते कळवा. मग गोठ्याचं बघू.'

सरांचा आवाज त्याच संध्याकाळी थांबला. यंत्राला फोन लावण्याचं काम तेवढं उरलं. फोनवर शुभदाचं साधं बोलणं ऐकू यायचं, तिने स्वतः म्हटलेलं, "मी शुभदा, भोईटे सरांची सून. सर आहेत. त्यांना बोलता येत नाही, ऐकू उत्तम येतं. वसुबारसेला ते ओट्यावर असतील." बस, पुढे मागणं नाही, आठवणी नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून उलटे फोन सुरू झाले. कुणी रडत होतं, कुणी शुभदालाच झापत होतं. दवाखान्यात सरांच्या फोटोला हार घातलेला एकजण निघाला. तो कसाबसा म्हणाला, "वहिनी, हार उतरवलाय. त्यांना सांगू नका." फलटणच्या जाधवांना सर आहेत हे ठाऊक होतं. ते एवढंच म्हणाले, "येतो." शुभदाने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि किती भाकऱ्यांचं पीठ दळून आणावं या विचाराला लागली.

वसुबारसेला तिने आणलेलं पीठ दुपारीच संपलं. पायऱ्यांवर चपलांना जागा राहिली नाही म्हणून लोकांनी त्या कुंपणाला अडकवल्या. प्रत्येकजण सरांच्या पायाशी बसून आपापल्या जनावरांची हकिगत सांगत होता, सर मान डोलवत होते, चुकलेल्या औषधावर कपाळाला हात लावत होते. सबनीसबाई पदर खोचून वाढत होत्या. निधी समारंभाचा मांडव तिकडे विद्यापीठात ओस पडला होता आणि कुलगुरू नाइलाजाने इकडेच येऊन पाटावर बसले होते.

दिवेलागणीला फाटकापाशी माणसाने चालवायचा एक जुना टेम्पो थांबला. हुलवान उतरले. मागची फळी काढून त्यांनी सोनकीला आणि तिच्या वासराला खाली घेतलं, अंगणातून चालवत आणलं आणि सरांसमोर उभं केलं. मग त्यांनी जमिनीवर डोकं टेकलं.

"सर, तुमच्या नावानं आंगुळ केलीया मी. माफी करा."

सरांनी त्यांच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि मग तोच हात तिथेच ठेवला.

"आन मॅडम," हुलवान उठून सबनीसबाईंना म्हणाले, "तुमच्या यंत्राला जी ओल लागली ती हिची. मंग देणगीबी हिनंच द्याला पायजे. वासरासंगट गोठ्यात घ्या. औंदा पैल्या वर्षाला आलेल्या पोराच्या हातात ह्येच वासरू द्या."

हशा पिकला. मग सगळे एकदम बोलू लागले. मी महिन्याला गाडीभर चारा धाडतो, मी वर्षातला एक आठवडा येऊन पोरांना शिकवतो, माझ्याकडून एक कालवड. ज्यांच्याकडे द्यायला जनावर नव्हतं ते पैशांचं बोलले, कुणीही न विचारता. कलकलाट इतका वाढला की कुणाचं कुणाला ऐकू येईना.

ठक ठक.

सरांनी बोटाच्या पेराने खुर्चीच्या हातावर वाजवलं होतं. पन्नास साठ माणसं, कुणी आजोबा झालेली, जागच्या जागी चिडीचूप झाली. सरांनी एक बोट वर करून गाईकडे दाखवलं. वासरू कासेला लागलं होतं. सोनकीने मान वळवली, त्याची पाठ चाटली आणि तोंड मिटून हुंकार दिला. कितीतरी वेळ कुणी हललं नाही. शुभदा उंबऱ्यात पिठाच्या हातांनी उभी होती. या माणसांचं, या गाईचं, त्या वेड्या यंत्राच्या चुकीचंसुद्धा तिला मनापासून भलं चिंतावंसं वाटलं.

सबनीसबाईंच्या पर्समध्ये ओल मोजणारं उपकरण थरथरू लागलं. सवयीने त्यांनी ते काढून पाहिलं. रेघ पडद्याबाहेर गेली होती.

"ही गाईची की माणसांची, काही कळत नाही," त्या कुजबुजल्या.

"कुनाची का असंना," हुलवान म्हणाले, आणि बाईंनी उपकरण बंद केलं.

त्या वर्षीचा निधी यंत्राच्या वेळेपेक्षा कमीच जमला. पण चारा, जनावरं आणि माणसांचे दिवस धरले तर गोठा वर्षभर सुखाने चालणार होता, आणि पाटावर जेवून उठलेल्या कुलगुरूंना रबरी गाईचा विषय काढायचं धैर्य झालं नाही. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी.

शेवटची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर शुभदा सरांचं ताट उचलायला आली. ताट स्वच्छ होतं. सर खुर्चीत मागे रेलून बसले होते, सदऱ्यावर सोनकीची लाळ आणि गवारीचा डाग. त्यांनी तिला थांबायची खूण केली, फोन घेतला आणि एकेक अक्षर सावकाश लिहून तिच्यासमोर धरला.

'सूनबाई, चहा. आज बोलून बोलून घसा बसलाय.'